रॅक, केबल आणि ड्रेसिंग: कोल्हापुरातनं सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात नेटवर्क केबलिंगची कामं घेतो. दुकानं, दवाखाने, क्लासेस, एमआयडीसीतले कारखाने, जे येईल ते. फोनवर आणि व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात आणि दरवेळी तेच टाईप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सगळं इथं लिहून ठेवतोय. रॅक म्हणजे स्विच (सगळ्या केबल जोडायची नेटची पेटी) वगैरे बसवायचं लोखंडी कपाट, आणि ड्रेसिंग म्हणजे त्यातल्या केबल सरळ, ओळीनं बांधून लावणं. सोपे प्रश्न आधी, डोकं खाणारे नंतर.

१. गुंत्यातनं पण नेट चालतंयच की, मग नीट केबलिंगला जादा पैसे कशाला?

चालतंय, खोटं कशाला बोलू. पण बंद पडतं तेव्हा बघा. लक्ष्मीपुरीत होलसेलचं दुकान आहे, संध्याकाळी सात वाजता बिलिंग बंद पडलंय, गिऱ्हाईक ताटकळत उभं आहे आणि रॅकचं दार उघडलं तर आत निळ्या शेवयांचा गोळा. कुठली केबल कुणाची हे शोधायला दोन तास आणि बदलायला पाच मिनिटं, जादा पैसे त्या दोन तासांचे असतात. शिवाय गुंत्यात एक ओढली की शेजारची सैल होते, स्विचच्या पंख्यापुढं वायरी लोंबकळल्या की वारा अडतो आणि तो तापतो.

२. कॅट ५ई, कॅट ६ का कॅट ६ए? साधं सांगा.

हे केबलचे ग्रेड. नवीन काम असेल तर कॅट ६, बास. कॅट ५ई वर १०० मीटरपर्यंत १ जीबी (म्हणजे सेकंदाला १ गिगाबिट) आरामात जातं, जुनी चांगली असेल तर उपटू नका. कॅट ६ वर १ जीबी तर जातंच, ५ जीबी सुद्धा १०० मीटर जातं, आणि १० जीबी पाहिजे असेल तर अंतर ३७ ते ५५ मीटरच्या आत ठेवावं लागतं. पूर्ण १०० मीटरला १० जीबी पाहिजे तर कॅट ६ए. पण ती जाड आणि ताठ असते, वळवताना जीव काढते आणि पट्टीत कमी बसतात, म्हणून नुसतं मोठं नाव ऐकून घेऊ नका.

आणि १०० मीटर म्हणजे सगळं धरून हां. भिंतीतली पक्की केबल ९० मीटर, दोन्ही टोकांचे पॅच कॉर्ड (प्लग लावलेल्या छोट्या वायरी) मिळून १०.

३. बॉक्सवर कॅट ६ छापलंय, ३०५ मीटर पण आहे आणि भाव निम्मा. घेऊ का?

नका घेऊ. निम्म्या भावात बहुतेक वेळा आत ॲल्युमिनियम असतं आणि वरनं तांब्याचा मुलामा, बाजारात सीसीए म्हणतात. ब्लेडनं तार खरवडून बघा, आतनं पांढरी निघाली की बॉक्स परत. उचलून बघितला तरी फरक हाताला कळतो, कॉपरचा बॉक्स चांगलाच जड लागतो.

सीसीएचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळं लांबच्या पीओई (नेटच्या केबलमधनंच वीज घेणाऱ्या) कॅमेऱ्याला व्होल्टेज पुरत नाही आणि रात्री त्याचे लाल दिवे लागले की कॅमेरा रिस्टार्ट होत बसतो. जॅकमध्ये पंच करताना (तार दाबून बसवताना) ती तुटते ते वेगळंच. टीआयए आणि आयएसओ, केबलिंगच्या ह्या दोन्ही स्टँडर्डना कंडक्टर तांब्याचाच लागतो, त्यामुळं सीसीएला कॅट ६ म्हणणंच मुळात खोटं आहे. असल्या केबलवर कितीही देखणं ड्रेसिंग करा, ते पितळेला सोन्याचं पाणी दिल्यासारखं, आणि गुजरीच्या (सराफ बाजाराच्या) गावात तरी हे वेगळं सांगायला लागू नये.

४. रॅक कुठं बसवायचा? मालक म्हणतात जिन्याखाली घाला.

सगळ्यांनाच जिना सुचतो. जिन्याखाली झाडू, बादली, चपला, मीटर आणि ओल. रॅकसाठी मी तीन गोष्टी बघतो: दार पूर्ण उघडतंय का, मागं किंवा बाजूला माणसाचा हात जातोय का, आणि केबल वरनं येणार का खालनं हे आधी ठरलंय का. शेवटची गोष्ट लोक धरतच नाहीत आणि तिथंच सगळी शोभा जाते, कारण निम्म्या केबल वरनं आणि निम्म्या खालनं आल्या की नंतर ड्रेसिंग करायला प्रत्यक्ष विश्वकर्मा आला तरी जमणार नाही.

साईज घेताना मोजून जे निघेल त्याच्या दीडपट घ्या. १ यू म्हणजे ४४.४५ मिमी उंची. २४ पोर्टचं पॅच पॅनेल (भिंतीतल्या केबल जिथं पक्क्या बसवतात ते, ८ नंबर बघा) १ यू, स्विच १ यू, प्रत्येकाबरोबर केबल मॅनेजर १ यू, मग यूपीएसचा ट्रे, असं करत ६ यू कधी भरतो कळत नाही. पुराच्या भागात असाल तर १५ नंबर पण वाचा.

५. केबल ओढताना पीळ पडतो आणि गाठी होतात, काय चुकतंय?

एकेक केबल ओढताय, हे चुकतंय. ८ ठिकाणी जायचं असेल तर ८ बॉक्स शेजारी मांडा (किंवा ४ बॉक्स आणि दोन फेऱ्या), सगळी टोकं एकत्र टेपनं बांधा आणि गड्डी एकदमच ओढा. ओढायच्या आधी प्रत्येक टोकाला आणि प्रत्येक बॉक्सवर मार्करनं नंबर टाका. नंतर टाकू म्हणाल तर नंतर टोन जनरेटर (कुठली केबल कुठली ते शोधायचं मशीन) घेऊन फिराल.

हिसका मारायचा नाही. एका केबलला ११० न्यूटन, म्हणजे साधारण ११ किलोच्या वर ताण नको. भिंतीवर पाय लावून ओढणारी पोरं मी बघितलीत, तालमीत रस्सा ओढल्यासारखी. केबलच्या आतल्या तारांच्या जोड्यांचा पीळ ताणला जातो, बाहेरनं काही दिसत नाही आणि टेस्टला नापास. कुठं अडकलं तर एक जण कोपऱ्यावर उभा करून हातानं वाट द्या. आणि कुठं कडक घडी पडलीच तर ती सरळ करून पुढं जायचं नाही, तो तुकडा बाद.

६. फोटोत दाखवतात तसं विंचरल्यासारखं ड्रेसिंग कसं करायचं? स्टेपवार सांगा.

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, त्यामुळं जरा बसून वाचा.

ड्रेसिंगचं निम्मं काम कागदावर होतं. कुठला पॉईंट पॅनेलच्या कुठल्या पोर्टला हे पंचिंगच्या आधी ठरलेलं पाहिजे, कारण गड्डीत कुठली केबल कुठं बसणार हे त्यावर अवलंबून आहे. साधा नियम: १ ते १२ पोर्ट रॅकच्या एका बाजूनं, १३ ते २४ दुसऱ्या बाजूनं. म्हणजे १२-१२ च्या दोन गड्ड्या झाल्या. १२ चा आकडा चांगला आहे, मध्ये ३ आणि भोवती ९ अशा बसतात आणि गड्डी आपोआप गोल होते. ७ पण छान बसतात, मध्ये १ भोवती ६. ८ आणि १० ला जरा चपटं होतं, त्यात एखादी स्पेअर केबल टाकून आकडा जुळवणारे पण आहेत, मी पण करतो, स्पेअर कधी ना कधी लागतेच.

मग रॅकमध्ये केबल जिथनं शिरते तिथं पहिला वेलक्रो सैलसर बांधायचा आणि तिथनं पॅनेलकडं विंचरत यायचं. केबल कोंब, म्हणजे केबल विंचरायचा कंगवा, विकत मिळतो. नाहीतर पीव्हीसीच्या जाड शीटला केबलपेक्षा किंचित मोठी भोकं पाडून आणि प्रत्येक भोकाला बाहेरनं चीर देऊन घरी करता येतो, माझा पहिला तसलाच होता. एकेक केबल तिच्या भोकात घालायची आणि कोंब हळूहळू सरकवायचा, मागं गड्डी सरळ होत जाते. दर वीतभर अंतरावर एक वेलक्रो. गड्डीत केबलनं जागा बदलायची नाही, म्हणजे सुरुवातीला जी बाहेरच्या रांगेत आहे ती शेवटपर्यंत बाहेर. एक जरी आतनं बाहेर आली तरी पुढं सगळ्या गड्डीला पीळ दिसतो, मग ती सोडून परत पहिल्यापासनं. मी एकदा रात्री ११ वाजता ४८ केबलची गड्डी सोडलीय, कारण सातवी आणि आठवी उलटी होती. बायको फोनवर काय बोलली ते इथं लिहीत नाही.

पॅनेलच्या मागं आल्यावर ज्या पोर्टची केबल आधी बाहेर पडणार ती गड्डीच्या पॅनेलकडच्या बाजूला पाहिजे, लांबच्या पोर्टची विरुद्ध बाजूला. मग एकेक सुटते आणि झऱ्यासारखं दिसतं, कुणी कुणाला ओलांडत नाही. वळण देताना कडक कोपरा नाही. केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्या पाहिजे, कॅट ६ ला साधारण एक इंच, म्हणजे वळणाचा पूर्ण गोल कटिंग चहाच्या ग्लासाएवढा तरी. शेवटी सगळ्या एकाच मापात कापायच्या आणि पंच करायच्या. जोडीचा पीळ जॅकपाशी १३ मिमीच्या वर उघडायचा नाही. बाहेरचं प्लॅस्टिक लांबवर सोलून रंगीत तारा दाखवत ठेवणं देखणं वाटतं काही जणांना, पण क्रॉसटॉक (एका जोडीचा सिग्नल दुसरीत शिरणं) तिथंच वाढतो.

७. नायलॉन टाय वापरले तर काय बिघडतं? वेलक्रो महाग पडतो.

टाय आवळला जातो हेच बिघडतं. माझ्या सुरुवातीच्या काळातलं एक काम सांगतो. २४ पॉईंट होते, मी पक्कड लावून टाय असले कचकचीत ओढले की गड्डी लोखंडी सळईसारखी दिसायची, आणि लै खुश होतो स्वतःवर. सर्टिफिकेशनला (मशीनवरच्या टेस्टला) ५ पॉईंट रिटर्न लॉसमध्ये नापास. केबल दबली की आतल्या जोड्यांमधलं अंतर बदलतं आणि सिग्नल तिथनं उलटा फिरतो. सगळे टाय कापून परत बांधलं, दिवस गेला. शिवाय पुढं एक केबल वाढवायची म्हटली की टाय कापायला कटर आत घालायचा आणि त्यात शेजारची केबल पण कापायची, हे प्रत्येकानं एकदा तरी केलंय, कबूल कोण करत नाही. वेलक्रो असा बांधा की आत बोट घालून गड्डी फिरवता आली पाहिजे.

८. पॅच पॅनेल कशाला? डायरेक्ट प्लग क्रिंप करून स्विचमध्ये घातलं तर?

चार कॅमेऱ्यांच्या घरात चालेल. त्याच्या वर नको. भिंतीतली केबल सॉलिड कंडक्टरची असते, म्हणजे आत एकच जाड तार, ती सारखी हलवली की तुटते. पॅच कॉर्डच्या आत बारीक तारांचा झुबका असतो, तो हलवायसाठीच केलाय. पॅनेल असलं की भिंतीतली केबल एकदा पंच केली की तिला कुणी हात लावत नाही, जो काय खेळ करायचा तो पुढं पॅच कॉर्डवर.

९. कलर कोड ए का बी?

बी. इकडं सगळे बीच मारतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ए मध्ये फक्त हिरवी आणि नारिंगी जोडी अदलाबदल होते, स्पीडमध्ये काही फरक नाही. जुन्या साईटवर ए असेल तर ए च चालू ठेवा. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी झालं तर क्रॉस केबल होते, आजकालचे स्विच ते सांभाळून घेतात, म्हणून चूक वर्षानुवर्षं दडून राहते.

१०. जादा केबल किती सोडायची?

रॅककडं दोन-तीन मीटर, पॉईंटकडं वीतभर. पण ती रॅकच्या आत गुंडाळून कोंबायची नाही, वर सीलिंगमध्ये किंवा ट्रेवर मोठ्या सैल वळणात ठेवायची. उद्या रॅक चार फूट सरकवायला सांगतील तेव्हा हीच केबल कामी येते, आणि सरकवायला सांगतातच.

११. लेबल कसं टाकायचं? मार्करनं लिहिलं तर चालेल का?

मार्कर ओढण्यापुरता. आपल्याकडं दोन पावसाळे गेले की ते पुसलं जातं आणि उरतो तो निळा डाग. प्रिंटेड लेबल घ्या, ज्याची पारदर्शक शेपटी अक्षरांवरनं गुंडाळली जाते तसलं. केबलच्या दोन्ही टोकांना, पॅनेलवर आणि भिंतीवरच्या फेस प्लेटवर एकच नंबर. नाव असं द्या की मजला, रॅक, पॅनेल, पोर्ट ओळीनं कळलं पाहिजे. "अकाउंटंट मॅडम" असलं लेबल मी स्वतः काढलंय, मॅडम नोकरी सोडून चार वर्षं झाली होती. आणि यादीचा एक कागद प्लॅस्टिकमध्ये घालून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, कॉम्प्युटरमधली फाईल नेट बंद असताना कुणाला सापडत नाही.

१२. लाईटची वायर आणि नेटची केबल एकाच पट्टीत टाकली तर?

नको, आणि कारण नुसता डिस्टर्बन्स नाही. २३० व्होल्टच्या वायरीचं इन्सुलेशन गेलं तर करंट नेटच्या केबलवर येतो आणि हात लावणारा माणूस मरू शकतो. वेगळी पट्टी, समांतर जात असेल तर ८ इंच ते १ फूट अंतर, आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. इलेक्ट्रिशियन आधी आला आणि त्यानं सगळी जागा खाल्ली अशी तक्रार सगळ्यांचीच असते, त्यावर उपाय एकच, पीओपी करायच्या आधी दोघांनी एकत्र बसून चहा प्यायचा.

१३. फौंड्रीत काम आहे, शिरोलीला. शील्डेड केबल टाकली की झालं ना?

नाही झालं. शील्डेड केबलचं शील्ड जॅकमधनं, पॅनेलमधनं, रॅकमधनं अर्थिंगपर्यंत जोडलेलं पाहिजे. साधे प्लॅस्टिकचे जॅक लावले आणि शील्ड तसंच लोंबकळत ठेवलं तर पैसे वाया, उलट कधीकधी जास्त त्रास. इंडक्शन फर्नेस आणि मोठे ड्राईव्ह जिथं आहेत तिथं माझं म्हणणं सरळ आहे: शेडच्या आत मुख्य लाईन फायबर, तिला चुंबकीय डिस्टर्बन्स होतच नाही, आणि शेवटचं थोडं अंतर कॉपर, तेही अर्थ केलेल्या लोखंडी पाईपमधनं.

आणि फौंड्रीची काळी भुकटी. ती सगळीकडं जाते आणि उघड्या पोर्टमध्ये बसते. बंद दाराचा रॅक, पंख्याला फिल्टर, रिकाम्या पोर्टला टोपणं. इथं देखण्या ड्रेसिंगचा फायदा वेगळाच आहे, सरळ गड्डीवरनं ब्लोअर मारता येतो, गुंत्यात भुकटी घर करून बसते.

१४. कुणीतरी सांगितलं की केबल फारच सरळ विंचरल्या तर उलट स्पीड कमी होतो. खरं का?

अर्धं खरं, आणि प्रश्न चांगला आहे. शेजारशेजारच्या केबल लांबवर एकमेकींना चिकटून समांतर गेल्या की एकीचा सिग्नल दुसरीत शिरतो, त्याला एलियन क्रॉसटॉक म्हणतात. १ जीबीला ह्याचा फरक पडत नाही. पण कॅट ६ वर १० जीबी चालवत असाल तर पडतो, २ नंबरात ३७ ते ५५ मीटर लिहिलंय ते ह्याच्यामुळंच. म्हणून लांबच्या ट्रेवर केबल सैल आणि थोड्या अस्ताव्यस्त पडल्या तर पडू देत, विंचरायचं ते रॅकच्या आतल्या दोन-तीन मीटरात.

दुसरं कारण उष्णता. पीओईनं केबल गरम होते. जुन्या पीओईत स्विच एका पोर्टला १५.४ वॉट द्यायचा, मग ३० आले, आणि २०१८ च्या बीटी नावाच्या पीओई स्टँडर्डमध्ये ९० पर्यंत गेलं. शंभर केबलची एकच जाडजूड गड्डी केली तर मधल्या केबलना थंड व्हायला जागाच नाही. एका गड्डीत २४ च्या वर नको.

१५. आमच्याकडं पूर येतो. काय काळजी घ्यायची?

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडच्या लोकांना सांगायला नको. तळमजल्यावर रॅक नकोच, पहिल्या मजल्यावर घ्या आणि केबल वरनं खाली सोडा, म्हणजे पाणी आलं तर फक्त खालचे पॉईंट जातील. पाण्यात बुडालेली केबल वाळवून वापरू नका. पाणी टोकातनं आत चढतं आणि जोड्यांमध्ये राहतं, लिंक लागते पण चुका होत राहतात. बुडालेला भाग बदलायचा, जॅकसकट.

१६. दोन बिल्डिंगच्या मध्ये केबल टाकायचीय, ६० मीटरच आहे, कॅट ६ चालेल का?

अंतराच्या हिशोबानं चालेल, पण टाकू नका. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असतं आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की दोन्हीकडचे स्विच एकदम जातात. फायबर टाका, काचेतनं करंट जात नाही, फक्त केबलला लोखंडी आर्मर असेल तर त्याचं अर्थिंग नीट करा. एकाच बिल्डिंगच्या बाहेरनं कॉपर न्यायचीच असेल तर काळ्या जाकिटाची आऊटडोअर केबल, घरातली निळी-पांढरी उन्हानं तडकते. भिंतीत शिरायच्या आधी खाली एक झोळ सोडा, पाणी तिथनं गळून जातं, नाहीतर केबलवरनं ओघळत सरळ तुमच्या रॅकमध्ये.

१७. चालू ऑफिसचा गुंता बंद न ठेवता सोडवता येतो का?

थोडा येतो, पूर्ण नाही. आधी चारी बाजूंनी फोटो, मग कुठला पोर्ट कुठं हे कागदावर. मग एकेक पॅच कॉर्ड योग्य लांबीचा घेऊन बदलायचा, एक काढला की एक लावला, लिंकचा दिवा बघितला, पुढचा. गुंत्यातली जुनी कॉर्ड लगेच उपसू नका, दोन्ही टोकं सुटलेली आहेत ह्याची खात्री करून मग कापून काढा. एकच कॉर्ड चुकून स्विचच्याच दोन पोर्टमध्ये लागली तर साध्या स्विचवर लूप होऊन (डेटा गोल गोल फिरत राहून) सगळं नेटवर्क आडवं पडतं. पॅनेलच्या मागची बाजू मात्र सुट्टीच्या दिवशीच.

१८. दिव्याच्या टेस्टरवर आठही दिवे लागले, म्हणजे पास ना?

तार तुटलेली नाही एवढंच कळलं. जोड्या फुटल्या असतील, म्हणजे १ ला १ आणि २ ला २ लागलंय पण एका जोडीच्या दोन तारा दोन वेगळ्या जोड्यांच्या आहेत, तर दिवे लागतात आणि स्पीड मरतो. सर्टिफायर, ज्याला सगळे कंपनीच्या नावानं फ्लूकच म्हणतात, तो क्रॉसटॉक, रिटर्न लॉस, लांबी सगळं मोजतो. रिपोर्ट परमनंट लिंकचा, म्हणजे पॅच कॉर्ड सोडून भिंतीतल्या पक्क्या केबलचा, मागा. आणि रिपोर्टवरच्या लांब्या बघा: सगळ्या पॉईंटची लांबी सारखीच आली असेल तर एकच पॉईंट २४ वेळा टेस्ट केलाय.

१९. काम चांगलं झालंय का हे मला, काही कळत नसलेल्याला, बिल द्यायच्या आधी कसं कळणार?

समोरचा फोटो बघू नका, समोरनं सगळेच रॅक नवऱ्या मुलासारखे सजवलेले असतात. मागचं दार उघडायला लावा. मग तुमच्या केबिनमधल्या फेस प्लेटवरचा नंबर वाचून दाखवा आणि काम करणाऱ्या पोराला, मुख्य मिस्त्रीला नाही, सांगा की ही केबल रॅकमध्ये कुठली ते बोट ठेवून दाखव, कागद न बघता. एक मिनिटात दाखवली तर चेक लिहायला घ्या.